इस्तारीचं मधे बोलणं

इस्तारी ढिवराचं डोकं चांगलं चालायचं, पण जीभ त्याच्याही पुढे पळायची, आणि घोटाळा व्हायचा तो तिथेच.

आरमोरीजवळच्या त्याच्या गावी तलावाच्या पाळीवर एक सपाट दगड होता. त्यावर वाघ-बकरीचा पट कोरलेला. वाघाचे मोठे खडे चार, बकऱ्यांचे बारके पुष्कळ. वाघाने उडी मारून बकरी खायची, बकऱ्यांनी मिळून वाघांना कोंडायचं. पाण्यात जाळं सोडलं की मासळी लागेपर्यंत ढिवर मंडळी तिथे बसत. ही ब्याऐंशी-त्र्याऐंशीची गोष्ट.

बकऱ्या घेऊन बसलेल्या इस्तारीला कोणी हरवू शकत नसे, म्हणून त्याच्याशी खेळायलाच कोणी तयार नसे. मग स्वारी दुसऱ्यांच्या पाठीशी उभी. "तो खडा नोको हालवू, मरते!" "अरे, बाजूनं घे ना!" कोणी विचारलंय का याला? नाही. पण चुकीची चाल दिसली की त्याचा जीव कासावीस व्हायचा. त्यात वाईट हेतू तसूभरही नव्हता.

सगळ्यात जास्त सल्ले लहानूच्या वाट्याला येत. लहानू त्याचा डोंग्यावरचा जोडीदार. एकाने डोंगा वल्हवायचा, दुसऱ्याने जाळं सोडायचं, ही जोडी दोघांच्या लग्नाआधीपासूनची. खेळात मात्र लहानू कच्चा. हरला तर लहानू हरला, आणि जिंकला तर लोक म्हणत, "इस्तारी जितला." लहानू हसून सोडून द्यायचा.

दादाजी हा आरमोरीचा मासळीवाला. सायकल लावून तो जाळं निघायची वाट बघत वाघ घेऊन बसे. एके दिवशी लहानूने त्याचे तीन वाघ कोंडले. इस्तारी नुकताच आला होता, त्यामुळे त्यात त्याचा एक शब्दही नव्हता. चौथ्या वाघाला एकच वाट उरली होती. लहानूने खडा उचलला, नेमका त्याच जागेवर नेला आणि जरा थांबला. जन्मात पहिल्यांदा येणारं ते सुख त्याला चाखायचं होतं.

"तिथीच ठेव, तिथीच!" इस्तारी ओरडला.

दादाजी हसला. "घ्या, इस्तारी भाऊ जितले."

लहानूने खडा ठेवलाच नाही. मुठीत धरून तो पाळ उतरून गेला.

दुसऱ्या दिवसापासून डोंग्यात दोघं मुके. जाळं सोडलं की लहानू सरळ घरी. इस्तारी आधी मनातल्या मनात भांडला. मी काय खोटं सांगितलं? बरोबरच होतं ना! शेवटी बायकोने, कुंताने, भात वाढता वाढता सुनावलं, "तुमी त्याच्या तोंडचा घास काढला. आता घास बरोबर होता म्हून सांगता?" त्याला जेवण गेलं नाही.

सकाळी तो लहानूच्या अंगणात उभा राहिला. "दादाजी आला हाये. चाल, खेळ. मी बोलणार नाई."

"तुह्यानं राहावणार नाई."

"पाहून घे."

लहानू पटावर बसला. इस्तारीने तंबाखू मळली आणि तोंड गच्च भरून घेतलं. डाव रंगात आला, आणि लहानूने नेमका नको तोच खडा हलवला. इस्तारीच्या डोळ्यांत पाणी आलं, थोडं तंबाखूचं, बाकी लहानूसाठी. त्याने तलावाकडे तोंड फिरवलं. दादाजीचे वाघ एकामागून एक बकऱ्या खात सुटले.

लहानूने उरलेल्या बकऱ्या पटावरून गोळा केल्या. "हरलो," तो म्हणाला. "अन् मीच हरलो." त्याचा चेहरा कधी नव्हे इतका खुलला होता. त्या दिवशी मुठीत नेलेला खडा बंडीच्या खिशातून काढून त्याने पटावर ठेवला आणि इस्तारीकडे वळला.

"थुक आता, अन् चाल. जाळं काढू."