तीन पायांची बकरी

हाताची दोन बोटं वर करून ते म्हणायचे, "दोन गोष्टी माहीत नाही, त दोन साक्षीदार पाहिजे. एकाच्या भरवशावर कोणाले चोर म्हणू नये, बाबू."

हे त्यांच्या डोक्यात मीच भरवलं होतं. क्ष आणि य हे दोन संशयित, दोन समीकरणं म्हणजे दोन साक्षीदार. भिलाईच्या कारखान्यात ते क्रेन चालवायचे. मी खाली उभा राहून हाताने इशारे द्यायचो. वरच्या एका जागेसाठी खात्याची परीक्षा निघाली आणि आम्ही दोघंही बसलो. पहिली पाळी सुटली की कॅन्टीनमध्ये मी त्यांना गणित शिकवायचो.

असा विद्यार्थी तुम्हाला मिळू नये. बाप मुलाच्या तिप्पट वयाचा म्हटलं, की बापाचं लग्न कधी झालं ते विचारत. होडी प्रवाहाविरुद्ध निघाली, की "कावून? पूल नोहोता का?" कोंबड्या-बकऱ्यांच्या गणितापाशी तर अडूनच बसले. प्रत्येक बकरीला चार पाय, हे मोजलं कोणी?

मोजायला मला स्कूटरवर बसवून कुरुदला नेलं, ओळखीच्या एका बाईकडे. तिच्या बकऱ्यांतली एक खरंच तीन पायांची निघाली. ट्रकखाली पाय गेलेला, पण पळण्यात सगळ्यांच्या पुढे. परतताना ते रस्ताभर म्हणत होते, "पुस्तकवाला घरीच बसून लिहून राहिला."

परीक्षेत तेच गणित आलं. डोकी वीस, पाय पंचावन्न. छप्पन्न हवे होते; छपाईत चुकलं होतं. मी 'प्रश्न चुकीचा' असं लिहून मोकळा झालो. त्यांनी लिहिलं: कोंबड्या बारा, बकऱ्या आठ, पैकी एक लंगडी.

गुण मला मिळाले, त्यांना नाही. आमच्यात तेवढाच फरक होता.

ते गुण मागायला मला सोबत घेऊन पेपर तपासणाऱ्या साहेबांकडे गेले. साहेबांनी हसू दाबत विचारलं, अशी बकरी कोणी पाहिली आहे का.

"मैंने देखी साब. और इसने," म्हणत त्यांनी दोन बोटं वर केली.

साहेब माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "नहीं साहब."

त्यांनी एक बोट खाली घेतलं.

बाहेर आल्यावर मला वाटलं, आता शिव्या घालतील. म्हणाले, "तुही नजर कोंबड्यायकडं असन, बाबू." दुसऱ्या दिवशी वर जाऊन क्रेनमध्ये बसले आणि माझा हात जिकडे वळेल तिकडे मुकाट्याने भार नेत राहिले. ती जागा मला मिळाली. ते क्रेनवरूनच निवृत्त झाले.

गेल्या वर्षी बोरसीच्या घरी ते वारले. तेराव्यानंतर मी कुरुदला जाऊन आलो. बाईच्या अंगणाच्या जागी फ्लॅट उभे आहेत. तिथल्या चौकीदाराला बकरीबद्दल विचारलं, तर त्याने मला पाणी आणून दिलं.

मी पाहिली होती ती बकरी. मागचा डावा पाय नव्हता. आज सांगतोय, आणि साक्षीदार मी एकटाच आहे.