अंगात नव्हे, अंग बाहेर

आमच्या गावात ही हकीकत दोन प्रकारे सांगितली जाते आणि दोन्ही प्रकार खोटे आहेत. बायका म्हणतात, कोळिणीच्या रूपात प्रत्यक्ष देवी आली. माझा धाकटा भाऊ सारे श्रेय स्वतःकडे घेतो, कारण गाडी त्याची होती. घडले ते माझ्यादेखत आणि चूकही माझीच. तेव्हा खरे काय ते मीच लिहितो.

माझी पत्नी वर्षभर आक्रसत चालली होती. हळदीकुंकवाला जाईना, एसटीत बसेना, वाफ्यात खुरपायला बसली की लगेच उठे. अंथरूणही तिने वेगळे घातले. मला वाटले, रुसली. अखेर एका सकाळी भाकरी थापताना, मान वर न करता ती पुटपुटली, "अवं, माझं अंग येतंय."

मी ऐकले ते 'अंगात येतंय'. मला कमी ऐकू येते हे मी आजही मान्य करत नाही. परंतु समोरच्याचे बोलणे संपण्याआधी उत्तर तयार ठेवण्याची खोड मात्र आहे. मी तिला दोन ठिकाणचे अंगारे लावले. लाजेने तिने पुन्हा तोंड उघडले नाही. एवढेच म्हणाली, "पळसदेवला न्या." उजनीचे पाणी उतरले की तिथले जुने देऊळ उघडे पडते. त्यात घटकाभर मांडी घालून बसावे, इतकीच तिची इच्छा होती.

भावाच्या गाडीने गेलो. गाळातून उतरताना निम्म्या वाटेवर ती थांबली. डोळ्यांत पाणी, पाऊल पुढे पडेना. मी तिथूनच गरजलो, "कोण असशील ते सोड हिला!" शेजारी जाळे वाळवणारी एक कोळीण उठून आली, पत्नीच्या कानाशी काही बोलली आणि तिचे उत्तर ऐकून पदर तोंडाला लावून खदखदून हसली.

"आबा, हिच्या अंगात कुणी आलं न्हाय. अंग भाइर आलंय हिचं. गर्भाची पिशवी खाली उतरलीया. मलाबी व्हतं तसंच."

"मग हिनं सांगितलं का न्हाय?"

"सांगितलं की! तुमी देवालाबी बोलू दिना, तितं हिचं काय?"

पत्नी हसली. वर्षभरात प्रथमच.

दर्शन तसेच राहिले. कोळिणीने सांगितलेल्या बारामतीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळंतपणे, जड ओझी आणि वय यांनी आतले आधार सैल होतात. यात लाज नाही, उपाय आहे. त्यांनी पिशवीला आधार देणारी रिंग बसवली, व्यायाम शिकवले. बाहेर बाकावर मला एकच आठवत होते. थोरल्याच्या वेळी दहाव्या दिवशी तिने हंडा उचलला होता आणि 'आमची काटक हाय' म्हणून मी गावभर मिरवले होते.

या उन्हाळ्यात पाणी पुन्हा उतरले. ती माझ्या पुढे चालत गेली आणि देवळातल्या गार दगडावर मांडी घालून बसली. कोळीण भिगवणच्या बाजाराला गेल्याचे कळले. देवी मासळी विकायला जात नाही, हे मी गावातल्या बायकांना ठणकावून सांगतो. पण त्या दिवशी कोळिणीला तिथे, त्या क्षणी कोणी बसवून ठेवले होते, यावर मात्र मी वाद घालत नाही. हात जोडून मी देवाचे आभार मानायला मोठ्याने सुरुवात केली.

"अवं, घटकाभर गप बसा," ती म्हणाली.

शरण जाणे म्हणतात ते बहुधा हेच. मी गप्प बसलो, तिच्या शेजारी, तिला उठावेसे वाटेपर्यंत.