आत बाळ झोपले आहे

आमच्या कोथरूडच्या सोसायटीतले चाळीसवाले काका ताशी चाळीसच्या वर गाडी कधी नेत नसत. मागच्या काचेवर त्यांच्या टपोऱ्या अक्षरातली पाटी होती: ‘आत बाळ झोपले आहे. हॉर्न वाजवणाऱ्याने अंगाई म्हणायला थांबावे.’ आत बाळ नसायचंच. मागच्या सीटवर बाळाची खुर्ची बांधलेली असायची, तीही रिकामी. कोणी टोकलं तर काका म्हणत, "झोपलंय. हळू बोला."

परदेशातली त्यांची मुलगी मेधा तीन महिन्यांच्या सईला घेऊन येणार होती, तेव्हाची ती तयारी. ऐनवेळी जावयाची नोकरी गेली आणि येणं रद्द झालं. मग दरवर्षी ‘पुढच्या दिवाळीत नक्की’. काकू आधीच गेलेल्या. काका एकटेच दर रविवारी ती खुर्ची पुसत.

आमची ईरा दीड महिन्याची असताना आम्ही सुट्टीला दिवेआगरला जायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यांनी आम्हाला वेड्यात काढलं. काका तेवढे म्हणाले, "मी नेतो. खुर्ची आहे माझ्याकडे." ताम्हिणी घाटात प्रत्येक वळणाआधी ते ईराला सांगत, "वळण आलं हं, बाळ." मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न मारला, तर काका गाडी बाजूला घेऊन उतरले आणि त्याला म्हणाले, "वाचता येतं ना? मग म्हणा अंगाई." तो बिचारा ओशाळून हसला. पोचायला सहा तास लागले.

किनाऱ्यावर काका पाण्याकडे फिरकले नाहीत. सावलीत ईराला मांडीवर घेऊन बसून राहिले. "सई आता सात वर्षांची झाली. फोनवर खूप बोलते. पण एवढीशी सई माझी राहूनच गेली गं," ते म्हणाले. मला रडू आवरेना. दुसऱ्याच्या ताटातलं आपण जेवलो असं तेव्हा वाटलं, ते अजून जात नाही.

गेल्या उन्हाळ्यात काका झोपेतच गेले. दुसऱ्या दिवशी मेधा सईला घेऊन पोचली. सईला मराठी वाचता येत नाही. गाडीच्या काचेवर बोट ठेवून तिने विचारलं, "आई, आजोबांनी काय लिहिलंय?"

मेधाने वाचून दाखवलं. वडिलांचा तिरकसपणा ओळखून जरा हसलीही. मग मला म्हणाली, "तुझ्या ईरासाठी लावली होती का?"

"नाही. सईसाठी. तुम्ही पहिल्यांदा येणार होतात ना, तेव्हापासून आहे."

ती मागचं दार उघडून त्या रिकाम्या खुर्चीशेजारी बराच वेळ बसली. उतरली तेव्हा तिने दार अगदी हळू लावलं.