पोरांची सावड

भागूबाईला शाळा कमिटीवर घेतलं ते ती काहीही करणार नाही या खात्रीनं. चव्वेचाळीस साली नगरच्या बोर्डाकडून कागद आला, की कमिटीत एक बाईमाणूस असावं. बोरटेकच्या चावडीत बसलेल्या चौघांनी एकमेकांकडे बघितलं. आपापल्या घरची बाई तर कुणालाच तिथं नको होती. मग चेअरमन आसाराम म्हणाला, "भागू वयनीचं नाव घाला. घरधनी वारल्यापासनं तिला वावराबिगर दुसरं काई दिसत न्हाई." पोरगा साखर कारखान्यावर, घरात ही एकटी, सहीच्या जागी अंगठा. मिटिंगला यायची नाही, आलीच तर पदर ओढून कोपऱ्यात बसेल. कारभाऱ्यांचे अंदाज चुकायची बोरटेकला सवय होती, पण इतका साफ चुकलेला अंदाज गावाला दुसरा आठवत नाही.

पहिल्याच मिटिंगला ती सगळ्यांच्या आधी येऊन बसली आणि सतरंजीवर बूड टेकायच्या आत विचारती झाली, "साळंत पोरं किती येत्यात?"

शलमोन मास्तरांनी चेअरमनकडे बघितलं. चेअरमननं आढ्याकडे बघितलं.

त्याला कारण होतं. बोर्डाचा नियम असा, की तपासणीच्या दिवशी तिसाच्या खाली पोरं भरली तर शाळा बंद आणि मास्तराची बदली. बोरटेकच्या शाळेत नावं होती चाळीसेक, बसायची बारा-पंधरा. बाकीची शेरडांमागं, नाहीतर धाकटं भावंड कडेवर घेऊन दारात. म्हणून गावानं एक तोड काढली होती. शेतात सावड असते, म्हणजे आज तू तुझे बैल घेऊन माझ्या वावरात ये, उद्या मी माझे घेऊन तुझ्या वावरात येतो. तशी बोरटेक आणि शेजारच्या पिंपळदऱ्यात पोरांची सावड चालायची. शाळा तपासणाऱ्या साहेबाला गाव डिपोटी म्हणायचं. डिपोटीची दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, गाडीवाटेनं हलत डुलत यायची, तोवर पोरं पायवाटेनं पोचून मांडी घालून बसलेली असायची. आज इथं, उद्या तिथं. चुणचुणीत पोरांना दोन्ही गावांतून मागणी असायची आणि ती पोरं त्या दोन दिवसांत जरा ताठच चालायची.

पंचेचाळीसच्या माघात भागूबाईनं हा सोहळा पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला. कमिटीची मेंबर म्हणून ती दाराशी बसली होती. साहेब नावं पुकारत होते. "दया शांतवन," त्यांनी म्हटलं, आणि पिंपळदऱ्याची एक पोरगी, केसांना तेल लावलेली, धुवट परकर नेसलेली, उठून म्हणाली, "हजर."

नेमकी त्याच वेळी खरी दया शाळेवरून शेळ्या घेऊन चालली होती. दहा वर्षांची पोर, ख्रिस्ती आळीतल्या शांतवनची थोरली. आपलं नाव कानावर पडलं तशी ती थांबली. उंबऱ्यापर्यंत आली आणि आपल्या नावाला ओ देणाऱ्या त्या पोरीकडे बघत राहिली.

"ही कोण?" साहेबांनी विचारलं.

"कुनी न्हाई साहेब," आसाराम घाईघाईनं म्हणाला. "शेरडं वळनारी हाय."

दयानं मान खाली घातली, जिभेनं टक टक करून शेळ्यांना वळवलं आणि ती निघून गेली. तोंड उघडावं तर शाळा बुडत होती, म्हणून भागूबाई गप्प बसली. गप्प बसणं हे तिच्या स्वभावात कुठं बसत नव्हतं, आणि तो दिवस तिला पुढं वर्षभर टोचत राहिला.

संध्याकाळी तिनं आसारामला त्याच्याच ओट्यावर गाठलं. "भावजी, ही साळा कुनासाठी चाललीया? पिंपळदऱ्यासाठी?"

"आधी साळा ऱ्हायली पाह्यजे वयनी. मंग पोरं येतील."

"धा वर्सं ऱ्हायली. आली का? पुढल्या टायमाला उसनी पोरं आनायची न्हाईत. गावची पोरं म्या भरते."

"अन् न्हाई भरली तर?"

"तर साळा भागीनं बुडवली म्हनून सांगा गावाला."

जूनमध्ये शाळा उघडली तशी ती शांतवनच्या दारात जाऊन बसली. पोरीला शाळेत घाल म्हणाली. शांतवन बिचारा भला माणूस. तो म्हणाला, "मला काय नको हाय व्हय? पन मग शेरडं कोन वळंल?"

"म्या."

त्याला वाटलं थट्टा आहे. दुसऱ्या दिवशी उजाडायला भागूबाई काठी घेऊन हजर झाली, त्याच्या शेळ्या सोडल्या आणि माळाची वाट धरली. पाटील आळीतली बाई ख्रिस्ती आळीची शेरडं वळतेय म्हटल्यावर गावात कुजबुज झाली. एका शहाण्यानं तिला वाटेत अडवून विचारलंसुद्धा. ती म्हणाली, "शेरडं त्याच माळावर चरत्यात, जिथं तुमची चरत्यात. त्यांचं त्यांच्यात काई भांडान न्हाई." त्यानंतर तिला वाटेत कुणी अडवलं नाही.

मग तिनं हा धंदाच लावला. ज्या घरचं पोर शाळेत येत नसेल त्या घरी जायचं, उंबऱ्यावर बसायचं आणि एवढंच विचारायचं, "पोर काय काम करतंय?" शेळ्या वळत असेल तर शेळ्या तिच्याकडं. हळूहळू तिच्यामागं एवढा कळप झाला, की परगावचा माणूस तिला धनगरीण समजायचा. लहान भावंडं सांभाळणाऱ्या पोरींचा प्रश्न शेळ्यांनी सुटेना. तेव्हा तिनं शाळेच्या पडवीत दोन झोळ्या बांधल्या आणि दोऱ्या आत मास्तरांच्या पायापाशी सोडल्या. शलमोन मास्तर एका हातानं फळ्यावर लिहीत आणि पायाच्या अंगठ्यानं झोळी हलवत. ट्रेनिंग कॉलेजात त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. पहिले काही दिवस ते कुरकुरले, मग त्यांना झोका दिल्याशिवाय पाढे सुचेनात.

या सगळ्यात तिचं स्वतःचं वावर मागं पडलं. खुरपणी वेळेवर झाली नाही, तुरीत कुणाची तरी गुरं शिरून गेली. सावडीत घेतलेलं फेडायचं ही रीत, पण तिची सावड कुणी फेडली नाही. बाईला हौस आहे, असं लोक म्हणायचे आणि आपली शेरडं तिच्या हवाली करून मोकळे व्हायचे. तिनंही कधी मागितलं नाही. एरवी कुठं न अडणारी तिची जीभ तेवढ्या एका जागी अडायची.

सेहेचाळीसचा माघ आला आणि जोंधळ्याची सोंगणी सुरू झाली. सोंगणीत हात हवेत, म्हणून शाळेत येऊ लागलेली पोरं पुन्हा वावरात दिसू लागली. त्यातच डिपोटी उद्या येणार असा सांगावा आला. भागूबाई संध्याकाळी घरोघर फिरली. "एक येळ पोर साळंत धाडा," म्हणाली. बायका म्हणाल्या, "बघू." बोरटेकमध्ये बघू म्हणजे काय, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

सकाळी ती शेळ्या घेऊन टेकाडाकडे निघाली, तर पिंपळदऱ्याच्या पायवाटेवर समोरून कोतवाल बन्सी येताना दिसला. मागं पंधराएक पोरं, तेल लावलेली, धुवट कपड्यांतली. शेळ्यांनी सगळी वाट भरून टाकली. बन्सीला पुढं सरकता येईना.

"कुनी बोलवली रं ही?"

"चेअरमननं." बन्सी ओशाळला. "वयनी, कालची पोरं मोजलीत म्या साळंत. आपली इसाच्या आतच हायेत. ही नेली न्हाई तर साळा गेली समजा."

भागूबाई काठीवर हात ठेवून उभी राहिली. तिला भीती वाटली, खरंच वाटली. वीसच्या आत. म्हणजे आज झोळ्या सोडायच्या, मास्तरांनी बिऱ्हाड बांधायचं आणि दयानं पुन्हा काठी घ्यायची. आणि हे सगळं तिच्या एकटीच्या हट्टापायी. एकदा, फक्त या एकदाच वाट द्यावी, असं तिच्या मनात आलं. ती बाजूला सरकतही होती. तेवढ्यात पोरांतली ती मागल्या वर्षीची पोरगी पुढं आली आणि अगदी सरळपणे म्हणाली, "मावशी, म्या आज बी दयाच का?"

भागूबाई तिथंच थांबली.

"न्हाई गं बाई," ती म्हणाली. "तू तूच हायेस. जा घरला." तिनं ओच्यातली बोरं काढून पोरांच्या हातावर ठेवली आणि बन्सीला म्हणाली, "ह्यास्नी माघारी सोडून ये. जे व्हईल ते माझ्या डोक्यावर."

मग ती टेकाडावर जाऊन बसली. तिला शाळेकडे धावत जावंसं वाटत होतं, पण चहूबाजूंनी कापलेला जोंधळा पसरला होता आणि शेळ्या सोडून हलायची सोय नव्हती. खाली गाडीवाटेवर दमणी आलेली तिनं पाहिली. काही वेळानं पोरांचा परवचा ऐकू आला, वारा येईल तसा मोठा होणारा, बारीक होणारा. किती गळ्यांचा आवाज, ते काही कळेना. भाकरी फडक्यातच राहिली. आपण गावाचं चांगलं करायला निघालो आणि होतं तेही घालवलं, असं तिच्या मनानं घेतलं.

उन्हं कलल्यावर दमणी टेकाडाच्या अंगानं वर आली. बाजूनं आसाराम चालत होता. त्याच्या चेहऱ्यावरून काही उमगत नव्हतं. साहेबांनी दमणी थांबवायला सांगितली. "बाई, एवढ्या शेळ्या कुणाच्या?"

"ज्यांची पोरं साळंत हायेत त्यांच्या," भागूबाई म्हणाली.

साहेब त्या कळपाकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी तिला हात जोडले आणि गाडीवानाला चला म्हणाले. आसाराम मागं राहिला.

"किती?" तिनं विचारलं.

आसारामनं उपरण्यानं तोंड पुसलं. "घंटा झाली तवा इसाच्या आत. मंग बाया यायला लागल्या वयनी. एकेक. सोंगनी टाकून, इळा हातात, पोराला दंडाला धरून. तिसाच्या वर गेली. माझा मच्छिंद्र म्याच वावरात नेल्ता. त्याला त्याची आई घिऊन आली. माझ्याकडं बघितलं बी न्हाई तिनं."

"अन् दयाचं नाव घेतलं तवा?"

"उभी ऱ्हायली. हजर म्हनली न्हाई. 'मीच हाय' म्हनली." आसाराम जमिनीकडे बघत बोलला. "साहेब तिच्याकडं बघतच ऱ्हायला. मला काई मान वर करता आली न्हाई."

भागूबाईनं फडकं सोडलं आणि अर्धी भाकरी त्याच्यापुढं केली.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी शांतवनच्या दारात गेली, तर दावी मोकळी. ख्रिस्ती आळीत, पाटील आळीत, कुठंच शेळी दिसेना. गावाबाहेर आली तेव्हा आसारामची बायको सगळा कळप घेऊन माळाकडे चाललेली दिसली. तिला शेळ्यांची सवय नव्हती, त्यामुळं त्या चहूकडे पांगत होत्या.

"आज माझी पाळी, जाऊबाई," ती लांबूनच म्हणाली. "उद्या शांतवनच्या मंडळीची. तुमी तुमच्या वावरात जा."

भागूबाई वावरात गेली. साऱ्या शिवारात कालपर्यंत विळा न लागलेला तिचा एकटीचाच जोंधळा होता, आणि त्यात दोन्ही आळींतल्या बायका विळे घेऊन शिरल्या होत्या. अर्धं वावर सोंगून झालं होतं. तिनं बांधावरूनच त्यांना झापलं, की धाटं किती वरून कापता, कडबा काय तुमच्या बापाच्या घरून आणायचा. बायका हसल्या आणि कापत राहिल्या. मग ती खाली उतरली, पदर खोचला आणि पेंढ्या बांधायला बसली. बराच वेळ ती त्यांच्याकडे पाठ करूनच बांधत होती.