टॉवेल कोणी फेकला

खोटं मी बोललो होतो, आणि तेही माझ्या मित्राच्या वडिलांसमोर. वाळत्या तेंदूपानांचा वास आला की सालेकशाजवळचा पानं वाळवायचा तो फड आठवतो. पानांचे पुडके उन्हात मांडून आम्ही मोहाच्या झाडाखाली बसलो होतो. पेपरात जगातल्या दहा थोर मुक्केबाजांची यादी आली होती आणि पहिल्या नंबरावरून वाद पेटला होता. माझा मित्र कॉलेजात असताना बॉक्सिंग खेळलेला. तो म्हणाला, "जो अर्ध्यातून लढत सोडते, त्याले पहिला नंबर कायले देता बे?" त्याच्यापुढे माझं काही चालेना. चिडून मी म्हणालो, "तू काऊन बोलून राहिला? नागपूरले दुसऱ्या फेरीत तूच हार मानून बसला होता." सगळे हसले. पुडके पलटवणारे त्याचे वडील थांबले. "पंचानं लढत थांबवली म्हणे ना तू? खरं हाय का रे हे?" तो माझ्याकडे बघत राहिला. नागपूरला रिंगच्या त्याच्या कोपऱ्यात मदतीला मीच होतो. त्याची भुवई फुटलेली पाहून घाबरलो आणि हार मानल्याची खूण म्हणून टॉवेल मी फेकला. तो लढायला तयार होता. माझं नाव येऊ नये म्हणून त्यानं घरी पंचाचं सांगितलं होतं. फडावरही मी खरं सांगितलं नाही. वडील पुढं त्याला पळपुटाच म्हणत राहिले, मरेपर्यंत. त्यांच्या मरणोत्तर पुण्यानुमोदनाला, बुद्धवंदना झाल्यावर, मी सगळ्यांसमोर मित्रापुढं उभा राहिलो. म्हणालो, "टॉवेल मी फेकला होता. तुह्या बाबाले मी खोटं सांगितलो. माफ कर मले."