फेसाला टाळ्या

बाळांनो, आजी लातूरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची, एवढंच तुम्हाला ठाऊक आहे. ते सकाळचं. दुपारी मी एका पांढऱ्या भुकटीत लोखंड बसवत असे, आणि त्यावर माझी पीएच.डी. अडून बसली होती.

भुकटीचं नाव झिओलाइट. आपल्याकडे विहीर खणताना काळ्या खडकाच्या पोकळीत पांढरे चकचकीत खडे निघतात, ती याचीच भावंडं. आत डोळ्यांना न दिसणाऱ्या बोळांचं जाळं असतं. त्या बोळांत लोखंडाचा एकेक अणू सुटा, आपल्या जागी बसला की कामाला लागतो. घोळका करून बसला की नुसता गंज.

माझी प्रयोगशाळा पत्र्याच्या शेडमध्ये होती. भूकंपाआधी तिकडे कुत्रं फिरकत नसे. भूकंपानंतर मात्र छत कोसळायच्या धास्तीने शिकवणी शोधणारे आईबाप आधी विचारायचे, "स्लॅब हाय का पत्रा?" निकालाची चौकशी नंतर. झालं, शेडचा भाव वधारला. प्राचार्यांना ती बारावी पुन्हा देणाऱ्यांच्या बॅचसाठी हवी होती.

"मॅडम, विश्वस्त पाहायला येतायत," ते म्हणाले. "काहीतरी दिसलं पाहिजे. नाहीतर सोमवारपासून इथं बाकं."

तुमचे आजोबा त्याच बॅचला फिजिक्स शिकवायचे. तरी ते माझ्या बाजूने होते, हीच अडचण. एका खोलीत पोरं कोंबून निकाल काढायची त्यांना सवय. माझी फिकट भुकटी पाहून म्हणाले, "अगं, यात लोखंड आहे की नाही? जरा सढळ हाताने घाल." मी घातलं नाही. मग मी वर्गावर असताना त्यांनीच थोडी भुकटी घेऊन त्यात घातलं, आणि भट्टी एकदम फुल्ल केली. जादा लोखंडाला बोळांत जागा कुठली? ते बसलं घोळक्याने. भुकटी विटेसारखी तांबडी झाली.

"आता कशी दिसते!" आजोबा म्हणाले.

विश्वस्त आले. मी कापडाचा नारिंगी रंग घातलेल्या पाण्याच्या दोन बरण्या ठेवल्या, दोन्हीत हायड्रोजन पेरॉक्साइड. त्याच्या जोरावर लोखंडाने रंग खाऊन पाणी नितळ करायचं होतं. एकीत मी माझी भुकटी टाकली. काहीच झालं नाही. दुसरीत आजोबांनी उत्साहाने तांबडी ओतली. फसफस फेस वर आला, टेबलभर सांडला. विश्वस्तांनी टाळ्या वाजवल्या.

"शेड तुमचीच, मॅडम," प्राचार्य कुजबुजले. "आता काही बोलू नका."

पण फळ्यावर चूक तशीच राहिली तर मला जेवण जात नाही. "हा फेस म्हणजे वाया गेलेलं पेरॉक्साइड," मी मोठ्याने म्हणाले. "घोळक्यातलं लोखंड त्याचं नुसतं पाणी आणि प्राणवायू करतं. रंगाला हात लावत नाही. पाहा, आहे तसाच आहे."

आजोबा छताचे पत्रे मोजू लागले. प्राचार्यांनी घाईघाईने सगळ्यांना चहाला नेलं.

चहा, भजी आणि बारावीच्या निकालावरचं भाषण उरकेपर्यंत माझ्या बरणीतलं पाणी नितळ झालं होतं. टाळ्या नाहीत. फक्त एक विश्वस्त वाकून बघत राहिले. कापडाचे व्यापारी, घराणं रंगाऱ्यांचं.

"बाई, असलं रंगाचं पाणी आमच्या अब्बांनी जिंदगीभर नालीत सोडलं, अन् मोहल्ल्याच्या शिव्या खाल्ल्या," ते म्हणाले. "ही भुकटी दुसऱ्यांदा चालती का?"

माझ्या गाईडनेही इतका नेमका प्रश्न कधी विचारला नव्हता. मी भुकटी गाळली, धुतली, नव्या रंगात टाकली. ते खुर्ची ओढून बसले. बाकीचे विश्वस्तही थांबले. सगळे आले ती जीप या व्यापाऱ्यांचीच होती. रंग पुन्हा गेला.

"बाईंना इथून उठवू नका," ते प्राचार्यांना म्हणाले.

"पण बॅच?"

"सकाळी बसवा की."

सोमवारी बाकं आलीच. दुपारी ती भिंतीला सरकवून मी भट्टी लावली आणि आजोबांना दाराबाहेर ठेवलं. मी आच हळूहळू वाढवत होते, तेवढ्यात एका बापाने आत डोकावलं. आधी छत नीट पाहून घेतलं.

"बाई, पोराला डॉक्टर करतेत ते हेच का?"

"सकाळी," मी म्हणाले. "दुपारी इथं फक्त लोखंड बसवतात."