सहा आठवड्यांचा अंदाज

अमेरिकेच्या उत्तरेतल्या डुलुथ शहरात एका छोट्या कारखान्यात बर्फ उपसणाऱ्या ट्रकांसाठी संगणक बनतात. चालू करताच संगणकाला जागं करणारा प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, ही लोरेन स्कोग्लुंडची जबाबदारी. कुणालाही उघडून वाचता येईल असं फर्मवेअर घ्यायचं आणि संगणकाच्या नव्या सर्किट बोर्डावर बसवायचं, यातच तिची हयात गेली. या कामातला अंदाज म्हणजे शुद्ध थाप, असं ती तोंडावर सांगायची. लोक तरीही विचारायचेच.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला जुना बोर्ड बाजारात मिळेनासा झाला, तेव्हा मालक वर्न नव्याचा नमुना घेऊन तिच्या टेबलाशी आला.

"नुसता आकडा दे बाई. बर्फ पडायच्या आत ट्रक निघाले पाहिजेत, नाहीतर आपलं दुकान बंद."

आधी कुणी फर्मवेअर बसवलेला, या नमुन्याच्या जवळचा एक बोर्ड तिने शोधला, दोन्हींत फरक कुठे ते पाहिलं आणि "सहा आठवडे" म्हणाली. तेवढ्या शब्दावर वर्नने अख्ख्या हिवाळ्याचे बोर्ड मागवले. माल परत घेणार नाही, या अटीवर.

रविवारी चर्चच्या तळघरात जेवण होतं. हॉटडिश, म्हणजे तिकडचा भाजलेला खिमा-बटाटा, ताटात वाढून घेताना लोरेनला एकदम आठवलं. नमुन्याला कुलूप नसतंच! विकायच्या बोर्डांवर मात्र बनवणारे प्रोसेसरमधला एक फ्यूज कायमचा जाळतात. मग त्यांच्या सहीवाचून दुसरं फर्मवेअर चालत नाही, डोकं आपटलं तरी नाही. आणि हे विचारायचंच ती विसरली होती.

ताट तसंच ठेवून ती वर्नच्या घरी गेली. तो अंगणात होडीखाली आडवा पडून एक स्क्रू पिळत होता.

"वर्न, मी घोळ घातलाय."

"किती आठवड्यांचा?"

"आठवड्यांचा नाही रे. बोर्डांना कुलूप असेल तर ते आपल्याला कधीच चालणार नाहीत."

वर्न बाहेर आला. "अगं, मग हे आधी विचारायचं नाही का?"

"नाही विचारलं. नमुना उघडा मिळाला आणि मी हुरळून गेले."

तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याने नुसते हात पुसले.

सोमवारी त्याने बोर्डवाल्यांना फोन लावला. सरसकट सगळ्यांनाच कुलूप घालतो, तिकडचा माणूस म्हणाला, तुमचा माल उद्या फ्यूज जाळायच्या यंत्रावर जाणार.

"थांबवा!" वर्न असा ओरडला की सगळा कारखाना उठून उभा राहिला.

खोकी आली. त्यांनी खरंच थांबवलं होतं का, हे कळायला एकच मार्ग होता. लोरेनने एका बोर्डावर आपलं फर्मवेअर चढवलं, वायर जोडली, बटण दाबलं.

पडद्यावर काहीच नाही. पहिल्या खेपेला बोर्ड आपली मेमरी तपासत बसतो, त्याला वेळ लागतो, हे तिनेच नव्या पोरांना शिकवलं होतं. तरी तिने वायर पुन्हा दाबून पाहिली. सगळे तिच्या खुर्चीमागे उभे.

मग अक्षरं आली. एक ओळ, दुसरी, आणि धडाधड.

लोरेनने टेबलावर डोकं टेकलं आणि हुंदके देऊन रडली.

"रडतेस काय? चाललं ना!" वर्न म्हणाला.

"म्हणूनच रडतेय, गाढवा."

वर्नने स्वतःचं नाक पुसलं. "मग सहा आठवडे पक्के?"

"दहा."

इतक्या वर्षांत तिच्या प्रत्येक आकड्यावर त्याने घासाघीस केली होती.

"रविवारी तू घरी आली नसतीस तर..." त्याने चालू झालेल्या बोर्डावर हात ठेवला. "दहा तर दहा. बारा घे."